सव्वानऊला, उभं राहून

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
खाली इंजिनांचे सुटे भाग, वर आम्ही पाच जण.
भिंतीला पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. त्या टिकल्या नाहीत.
खारी हवा गोंद खाते,
दुपारपर्यंत ‘करायचं आहे’मधली निम्मी कामं
पंख्याखाली लादीवर,
आणि तन्वीर म्हणायचा, बघा, उरकली.
शेवटी गिरिजाने घरून कपड्यांचे चिमटे आणले,
जाळ्याची दोरी बांधली आडवी.
आता कामं वाळत असतात.

मी सेहेचाळीसची. पुण्यात बावीस वर्षं
एकशे चाळीस पानी दस्तऐवज लिहिले,
अनुक्रमणिकेसकट.
सही झाल्यावर ते कुणी उघडत नसे
याचाच मला अभिमान:
शंका नाही, म्हणजे काम चोख.
आता सव्वीस वर्षांची गिरिजा केळुसकर
आमची स्क्रम मास्टर, मोबाइलवर गजर लावते,
‘ताई, बसायचं नाही. बसलात की लिहायला लागता.’

तीन प्रश्न.
काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं.
पहिले दोन मला पाठ.
तिसऱ्याला मी रोज म्हणायचे, काही नाही,
पाहुणा म्हणतो ना, नको, आत्ताच जेवून आलो,
तसं.

अंदाज बांधायचे खास पत्ते मिळतात म्हणे, महाग.
आम्ही मेंढीकोटाचे दोन कॅट फोडले:
एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, अठ्ठी,
आणि तेरा म्हणजे राजा.
सगळ्यांनी एकदम उलटायचं, दुसऱ्याचं बघून नाही.
‘बर्फाच्या मागणीचं बटण.’
चार दुर्र्या,
आणि पास्कोलचा राजा.
ज्याचा पत्ता वेगळा त्याने बोलायचं, असा नियम.
पास्कोल म्हणाला, असंच. हसला.
पुढची चिठ्ठी, म्हणाले मी,
घड्याळाकडे बघून.

पंधरा दिवसांनी दाखवायला गेलो बर्फाच्या कारखान्यात.
बाबल कुबल दारातच, कोपरापर्यंत खवलं,
मागे लाद्या फोडायचा आवाज.
बटण निळं, देखणं. त्याने दाबलं. परत दाबलं.
लुंगीला हात पुसला, लुंगीही ओली.
मग म्हणाला, रागाने नाही,
हिशेब सांगावा तसं:
‘बोट इली, पण बोट चलना नाय.’

परतताना रिक्षात कुणी बोलेना.
दाभोली नाक्यापाशी पास्कोल म्हणाला,
पप्पा थयच होतो, अठरा वर्षां.
तेचो हात सुको मी कधी बघूक नाय.

शुक्रवारी मागे वळून बघायची बैठक.
काय जमलं, काय जमलं नाही, चिठ्ठीवर लिहायचं,
नाव घालायचं नाही.
मी लिहिलं, विचारलं नाही.
चिमट्याला लावल्याबरोबर सगळे माझ्याकडे बघायला लागले.
बावीस वर्षांचं अक्षर, लपणार कुठे.

दुसऱ्या फेरीत ॲप होतं तसंच राहिलं.
पास्कोलने बाजारातून दाराची घंटा आणली, एकशे दहा रुपयांची,
कारखान्याच्या भिंतीत बसवली, कोपराच्या उंचीवर.
आतली तार, चिप, तीन रात्री जागणं,
त्याचे गुण धरायचे राहूनच गेले.
बाबल कोपराने दाबतो.
कधी कधी उगाचच दाबतो.

पुण्याचे प्रशिक्षक पडद्यावर आलेख न्याहाळत म्हणाले,
व्हेलॉसिटी का पडली?
गिरिजा म्हणाली, सर, आवाज तुटतोय.
आवाज तुटत नव्हता.

आज सव्वानऊ. दोरीवर सोळा चिमटे,
एक रिकामा, वाऱ्याने फिरतो आहे.
धाकट्या मोर्जेचं झालं, माझी पाळी.
काल सांगितलं. आज सांगितलं.
अडलं म्हणजे, म्हणाले,
एका बोटीसाठी घंटा तीनदा वाजली
तर सोसायटीच्या वहीत किती लाद्या धरायच्या,
ते मला कळत नाही.
खाली कुणीतरी इंजिन चालू करून बघत होतं.
ते थांबेपर्यंत थांबलो.
मग तन्वीरने पत्ते काढले.