प्राणवायूची वही

काल्बुकोच्या खाडीत बत्तीस वर्षं
मी पाण्यातला प्राणवायू मोजला.
पहाटे चारला होडी,
वायरच्या टोकाला अंगठ्याएवढा सेन्सर,
सॅमनच्या जाळ्यात दहा हात खोल सोडायचा
आणि दिसेल तो आकडा वहीत उतरवायचा.
आकडा घसरला की मासे वर येतात,
तोंडं उघडी,
काही विचारायचं राहून गेल्यासारखी.
पंप लावा, मी ओरडायचो. अरे पंप!

आता पुएर्तो मोन्तच्या इस्पितळात
डॉक्टर सान्हुएसा, माझ्या धाकटीच्या वयाची,
माझ्यावरच सेन्सर टेकवते.
नेमका कुठे,
ते एर्मिंडाला सांगताना
मी चुलीकडे बघत होतो.

प्रोस्टेट काढून तीन महिने झाले.
गाठ गेली. रक्ताचा अहवाल स्वच्छ.
नसा वाचवल्यात म्हणतात,
पण वाचलेल्या नसाही बरेच दिवस
गप्प बसून राहतात म्हणे,
बुडत्या होडीतून काढलेल्या माणसांसारख्या.

डॉक्टर म्हणाली,
"झोपेत, स्वप्न पडो न पडो,
पुरुषाला रात्रीतून तीन-चारदा ताठरता येते.
ती मौजेसाठी नसते, एलेउतेरियो.
ताजं रक्त येतं, प्राणवायू आणतं,
आतली ऊती त्यावर जगते.
तुमची रात्रीची भरती सध्या थांबलीय."

चौसष्ट वर्षांचा झालो
आणि मला पत्ता नव्हता,
मी घोरत असताना कुणीतरी
इमानानं रात्रपाळी करत होतं.
ना पगार, ना कधी एक शब्द.

आकडा विचारला. तिनं सांगितला.
हात सवयीनं खिशात गेला, वही शोधायला.

मग तिनं कपाटातून पंप काढला.
प्लास्टिकची नळी, रबरी कडं, दाबायचा गोळा.
रोज दहा मिनिटं.
मला हसू फुटलं, तिला कळेना का.
मलाही नीट सांगता आलं नाही,
कारण तोवर डोळे भरून आले होते.

घरी एर्मिंडा लोकर विंचरत होती.
"मग?"
"पाण्यात जीव कमी आहे," म्हणालो.
ती बराच वेळ विंचरत राहिली.
शेवटी लोकर बाजूला सारून म्हणाली,
"वही मी लिहीन.
तुझं अक्षर आजवर कुणाला लागलंय?"

पहिल्या पानावर तिनं तारीख घातली.
वारा: नैर्ऋत्य.
पाऊस: बारीक.
आकड्याची जागा कोरी ठेवली
आणि दिवा मालवला.