खालून ऐकलेलं नाटक

कुताईसीच्या थिएटरात माझी जागा रंगमंचाच्या पोटात.
एक चौकोनी खड्डा, वर लाकडी टोपण, समोरून उघडं,
गुडघ्यांवर घोंगडी, हातात टॉर्च,
आणि माझ्या आधीच्या प्रॉम्प्टरनं, म्हाताऱ्या बिदझिनानं
अक्रोड खात खात तेलकट करून ठेवलेली संहिता.

सव्वीस वर्षांत मी हे नाटक पाहिलेलं नाही.
ऐकलंय.
मला दिसतात ती पावलं.

गोष्ट जुनी आहे, गावाला पाठ.
ज्यानं भावाला मारलं त्याच्याशीच तिचं लग्न लागतं.
तिला हे चौथ्या अंकात कळतं,
आम्हाला पहिल्यापासून ठाऊक असतं.
तरी लोक तिकीट काढतात,
तरी दर वेळी कुणीतरी खुर्चीत पुढे सरकतं,
जणू आज तरी कुणी तिला वेळेवर सांगेल.

दुसऱ्या अंकात, शिकारीहून आलेल्या नवऱ्याला ती म्हणते,
"हात पुढे कर. पाणी घालते."
पाचव्यात, विषाचा पेला बाजूला भरून ठेवल्यावर,
"हात पुढे कर. पाणी घालते."
तीच सुरई. शब्दाचाही फरक नाही.
प्रेमानं म्हणायचं की सुडानं,
लिहिणाऱ्यानं कुठेच सांगितलेलं नाही.
फक्त पाचव्या अंकातल्या ओळीशेजारी
बिदझिनाची पेन्सिल आहे:
सावकाश. इथे ती जास्त जपून ओतते.

मला हे पावलांवरून पटलं.
माया कुठेही उभी राहते,
एकदा तर माझ्या टोपणावरच.
द्वेष खडूच्या खुणेवरून बोटभर हलत नाही.
समोरचा कुठे आहे, कसा श्वास घेतोय,
कोणत्या पायावर भार टाकतोय,
त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.
खुणा रोज मीच काढते, म्हणून सांगते.

ओतार आणि लामारा एके काळी खरेच नवरा-बायको.
अकरा वर्षं झाली, बोलत नाहीत.
कारण विचाराल तर बाजारात
भाजीवाली एक सांगेल, खाटीक दुसरं.
निरोप रंगभूषावाल्यामार्फत जातात:
तिला सांग, माझ्या कोटावर शाल टाकू नकोस.
त्याला सांग, माझ्याकडे दुसरी खुंटी नाही.
आणि रोज रात्री आठला
ती त्याच्या हातांवर पाणी घालते.

त्या जानेवारीत वीज दोन तासच यायची.
कंदिलांवर खेळ. चाळीस माणसं, सगळी ओव्हरकोटात,
टाळ्या हातमोज्यांच्या, म्हणजे जवळजवळ नाहीतच.
पाचवा अंक.
पेल्यात काय आहे ते त्याला कळलेलं असतं.
तिचा हात थरथरू नये, म्हणून तो म्हणतो,
"मी तुझ्यावर एक दिवसही प्रेम केलं नाही."
अख्ख्या नाटकातलं हे एकच वाक्य प्रेमाचं,
आणि ते असं आहे.

ओतार ते विसरला.

मी तोंड उघडलं. थंडीनं गळा धरलेला,
नुसती वाफ बाहेर आली.
वर शांतता. कंदिलाची फुरफुर.
मग लामाराची पावलं खुणेवरून निघाली,
अकरा वर्षांत पहिल्यांदा,
एक, दोन,
त्याच्या बुटांना टेकली.
प्रेक्षकांना मिठी दिसली असेल.
मला खाली ऐकू आलं, अगदी हळू,
लेकराला घास भरवावा तसं:
"मी तुझ्यावर... एक दिवसही..."

"मी तुझ्यावर एक दिवसही प्रेम केलं नाही,"
ओतार म्हणाला, मोठ्यानं, खणखणीत,
आणि पेला प्यायला.

नंतर बोळात, चेहऱ्याचा रंग पुसता पुसता,
ती रंगभूषावाल्याला म्हणाली,
"त्याला सांग, पाठांतर करत जा."
तो तीन हातांवर उभा होता.
"ऐकलं म्हणून सांग," म्हणाला.

मी घोंगडी घडी करून वर आले.
खडूची खूण तिच्या टाचेनं अर्धी पुसलेली.
दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या काढल्या,
ती तेवढी तशीच राहू दिली.