पॅनल १४२

पटकथेत एवढंच होतं:
'तिरफळ आईला थांबवतो.'
तीन शब्द. पडद्यावर तीन सेकंद.

तिरफळ म्हणजे पाणमांजराचं पिल्लू,
उजवा कान जरा मोठा,
मॉडेल शीटप्रमाणे अडीच डोक्यांइतका उंच.
मी त्याला अकरा वेळा काढला.

वेंगुर्ला कॅम्प, बेकरीच्या वरची खोली,
खालून नानकटाईचा वास,
टॅब्लेट तापलेला,
आणि कानात पुण्याहून शर्वाणी:
'डोळ्यांत पाणी नको गं. डोळे काय, कुणीही भरतं.
पाठीनं थांबव त्याला.
आणि रेघ सोड. किती घट्ट धरतेस,
पळून जाणार आहे का ती?'

सोडली मग.
म्हणजे, सोडल्यासारखी काढली.
ती लगेच ओळखू येते,
ओळख नसलेल्या लग्नात
मोठमोठ्यानं हसणाऱ्या माणसासारखी.

बाराव्या वेळी लाईट गेली.

खिशात जुनं वीजबिल, मागची बाजू कोरी,
नखाएवढी पेन्सिल,
सायकल, वायंगणी.

रापण ओढत होते.
समुद्रातून दोन दोर आलेले
आणि दोरांवर माणसं, मागे रेललेली,
टाचा वाळूत रोवून.
टोकाचा माणूस दोर सोडायचा,
चालत पाण्याशी जायचा, पुन्हा पहिला व्हायचा.
तोंडं सगळी उन्हाकडे, मला एकही दिसेना.
दिसत होता नुसता कल,
घोट्यापासून मानेपर्यंत एकच वाक,
आणि पलीकडे
न दिसणारं काहीतरी, जे येत नव्हतं.

पाच सेकंदांत एक माणूस. मग तीनांत.
बोटं काढायला वेळ कुठला?
डोकं म्हणजे लिंबू, धड म्हणजे पोतं,
आणि पोत्यातून आरपार एक वाकडी रेघ.
बिलाची पाठ भरली. मग कडा भरल्या.
मग थकबाकीच्या आकड्यावरसुद्धा
दोघं जण ओढत उभे राहिले.

बाबल कुबल येऊन कागदावर वाकले.
खारट थेंब पडला, बरोबर देय तारखेवर.
'माझो हात खय गेलो?'
राहिला, म्हटलं.
'तोंड पण नाय.'
मग बराच वेळ काहीच नाही. लाट आली, गेली.
'पण ह्यो मीच.
कमरेत चमक भरली हा माझ्या,
ती बराबर काढलंस.'

मला चमक माहीत नव्हती.
हाताला कशी कळली, अजून सांगता येत नाही.

रात्री मेणबत्तीजवळ तिरफळ काढला.
आईची शेपटी दोन्ही पंजांत, टाचा चिखलात,
सगळा जीव मागे टाकलेला.
डोळे नाहीत. कान तर मुळीच नाहीत.
फोटो पाठवला. उत्तर आलं: 'हं.'
तासाभरानं आणखी एक:
'त्याची स्वतःची शेपटी विसरलीस.
बाकी हात लावू नकोस.'

पुढे तो हैदराबादला गेला.
तिथे कुणीतरी त्याच्या रेघा धुतल्या,
वाळवल्या, इस्त्री केली,
उजवा कान मापात बसवला.
त्यांचं कामच ते. राग नाही.
म्हणजे, थोडा आहे.

चार महिन्यांनी, रविवारी,
बेकरीतल्या टीव्हीवर
मी तीन सेकंद माझी रेघ शोधत बसले.
एकही नव्हती.
बाबल पाव न्यायला आले होते.
त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.
वर बघत म्हणाले,
'ह्या पोराक रापण वडूक कोणी शिकवल्यान?'

आणि सुटे मोजून निघाले,
एका हातात पाव,
दुसरा कमरेवर.