मचूळ

सुपडू पाणाड्याच्या आधीची तीन भावंडं
पाळण्यातच गेली,
म्हणून जन्मल्या जन्मल्या त्याला सुपात घालून
उकिरड्यापर्यंत ओढत नेलं.
शेजारणीनं पसाभर बाजरीला विकत घेतला.
सहाव्या रात्री सटवाई लिहायला आली
तेव्हा घरात मूल नव्हतंच,
नुसता केर होता.
हे सांगताना तो हसायचा.
आपल्या कपाळाची पाटी कोरी आहे म्हणायचा.

आणि मुलाचं नाव त्यानं राजधर ठेवलं.
आता लपायचं कुणापासून?

पारोळ्यापासून बोरीच्या काठानं खाली
पार बहादरपूरच्या पुढेपर्यंत
हातात कडुलिंबाची बेचकी, पाय अनवाणी.
मध्येच टाच आपटून थांबायचा:
"आठे पानी शे."
एकेचाळीस विहिरी.
मोजल्या त्यानंच.

बेचाळिसावी आमची.
पन्नास फुटांवर कोरडी ठणठणीत.
वडील म्हणाले, पुरे.
यारीवाला म्हणाला, पाषाण बोलतोय, आता नको.
सुपडू काठावर पालथा पडून
कान लावून राहिला, किती तरी वेळ.
उठला, छातीवरची माती तशीच:
"आखो एक हात."

सुरुंग पाच भरले.
आम्ही पोरं बांधाआडून बोटं मिटत होतो.
चार मिटली.
माझा अंगठा उघडाच राहिला.
थोडं थांबून राजधर खाली उतरला.
उतरताना त्यानं बापाकडे बघितलं की नाही
यावर गावात अजून एकमत नाही.

मग पाचवा वाजला.
मग पाणी लागलं.
संध्याकाळपर्यंत दोन पुरुष.

तिसऱ्या दिवशी त्यानं नाल्याकाठच्या सटवाईचा
शेंदूर नखांनी खरवडला,
पापुद्र्यामागून पापुद्रा,
खाली काही लिहिलेलं असेल तर वाचायला.
(त्याला वाचता येत नव्हतं.)
खाली दगड होता.
बेचकी तिथंच मोडून टाकली.

पुढं किती वर्षं त्याचं एकच,
"लिखेल व्हतं."
बाजारात, स्टँडवर, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत.
ऐकणारे मान हलवायचे, चहा पाजायचे.
आम्हालाही ते सोयीचंच होतं.
त्या पाण्यावर आम्ही मोसंबी लावली.

ठगूबाईनं, राजधरच्या आईनं,
एका रात्री चुलीपुढून, मान वर न करता विचारलं:
"एकेचायीस हिरी तुम्हन्या,
नि हाई तेवढी सटवीनी?"
कळण्याची भाकरी तव्यावर करपली.
ती तशीच त्याच्या ताटात आली,
आणि त्यानं ती खाल्ली.

त्यानंतर तो काहीच म्हणेना.
ना लिहिलेलं, ना पुसलेलं.
लोकांनी ठरवलं, म्हातारा भ्रमला.

अकराव्या वर्षी आखाजीच्या सकाळी
तो आमच्या दारात उभा. नवी घागर,
काखेत डांगर.
"भरानी शे," म्हणाला. कुणासाठी ते विचारायचं नव्हतं.
वडील सोबत आले, मी मागून.
वाटेत वडिलांनी ठेवणीतलं काढलं,
"काय करता भाऊ, शेवटी सटवाईनं..."

"तिन्हं नाव नका ल्या."
तो थांबला. जमिनीची हद्द दाखवावी
तसं बोट खाली रोखून म्हणाला:
"आखो एक हात. ते मी सांगं.
बाकीनं तिनं ऱ्हाऊ द्या.
तेवढं मन्हं शे."

त्या विहिरीचं पाणी तो कधी प्यायला नव्हता.
घागर भरली, गळ्यापर्यंत.
मग ओंजळभर तोंडात घेतलं,
डोळे मिटले, जिभेवर घोळवलं,
एकेचाळीस वेळा केलं असेल तसंच.

आम्ही पाहुण्यांना सांगत आलो होतो,
अमृत आहे.

"मचूळ शे," तो म्हणाला.

वडील पंपाच्या खोलीकडे बघत राहिले.

घागर खांद्यावर घेऊन तो निघाला,
तापलेल्या ढेकळांतून, अनवाणी.
बाभळीच्या अलीकडे, एका ठिकाणी
त्याची टाच थबकली.
किंचित.
मग पुढं गेला.

ती जागा मला माहीत आहे.
मी कुणाला दाखवलेली नाही.