एक अधिक एक

त्रिएस्तेत बोरा सुटला
की चढावरच्या गल्ल्यांत दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी दोर धरते
आणि मनात एक बिंदू फुगवत चढते.

फुगवणं हा आमचाच शब्द.
वक्र जिथे स्वतःला छेदतो,
किंवा सुईसारखा टोकावर येतो,
तिथला बिंदू उचलायचा आणि त्याच्या जागी ठेवायच्या
त्याच्यातून जाऊ शकणाऱ्या सगळ्या दिशा.
बहुतेकदा गाठ सुटते.
य-वर्ग बरोबर क्ष-घन
एका फुंकरीत गुळगुळीत.

माझा पृष्ठभाग नाही ऐकत.
तो अशा जगातला, जिथे एक अधिक एक शून्य,
जिथे वजा आणि अधिक हे एकाच माणसाचे दोन सदरे.
सात वेळा फुगवला.
सातव्यांदा बिंदू आधीपेक्षा वाईट होऊन समोर आला.
आठव्यांदा सुधारेल, असं मी सिद्ध केलं होतं,
बेचाळीस पानांत.

रविवारी योताच्या वाडग्यात पाव बुडवत वडील म्हणाले,
"नेवेन्का, तू नेमकं करतेस काय?"
एकतीस वर्षं मोनफाल्कोनेच्या गोदीत वेल्डर.
मी काट्याने टेबलक्लॉथवर रेघा ओढल्या.
एक अधिक एक शून्य ऐकून म्हणाले, उधारीला बरं.
मग बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले.
"वरून कितीही डाग दे.
खालचा कच्चा असला तर धरत नाही."
आणि मोहरी मागितली.

त्या रात्री मी सातवं सोडून
खालचं तपासायला घेतलं.
चौथ्या पायरीवर, दुसऱ्या ओळीत, अगदी सहज,
शाळेतल्या सवयीने,
मी दोनाने भागलं होतं.

दोनाने.
जिथे दोन म्हणजे शून्य.

हसू आलं आधी.
मग आठवलं, करार दोन वर्षांचा, सप्टेंबरात संपणारा,
आणि ते गणितही आपोआप झालं.

पहाटे प्रोफेसर ग्रिझोन यांना लिहिलं:
चौथी पायरी चूक आहे, चूक माझी आहे,
बिंदू अजून तिथेच आहे.
शेवटचं वाक्य दोनदा खोडलं
आणि तसंच ठेवलं.

बाहेर वारा पडला होता. दोर सैल लोंबत होते,
कुणी मासेवाला शीळ घालत मोकळ्या हातांनी उतरत होता.
मी दोर धरूनच चढले.