डावा गुडघा

फोटोत दोन हाडांच्या मधे
करंगळीच्या नखाएवढा अंधार असावा लागतो.
उजव्यात आहे.
डाव्यात पांढऱ्यावर पांढरं टेकलंय.
"गादी झिजली," डॉक्टर म्हणाले. "ओझी उचलायचात?"

नाही साहेब. क्लच.
एकतीस वर्षं, पीएमटी, स्वारगेट डेपो.
एका फेरीत किती वेळा दाबला, मोजलं नाही.
मोजायचं काम पासलकरचं, तेही तिकिटांपुरतं.
अलका चौकात पाय खाली गेला
की सिग्नल सुटेपर्यंत खालीच.
न्यूट्रल करायला जावं
तर मागचा रिक्षावाला आई काढायचा.

औषधं सगळ्या बिल्डिंगनं सुचवली.
वरच्या घोरपडे वहिनींनी भिजवलेली मेथी,
दूधवाल्यानं एरंडाचं पान तव्यावर गरम करून,
मालननं निरगुडीचा पाला उकळला,
घरभर तो कडू वास, आणि वर ऐकवलं,
"आता तरी कमोड बसवा."
गुण सगळ्याचा येतो. रात्रीपुरता.
पहाटेची पहिली दहा पावलं मात्र
डिसेंबरातली गाडी,
चारजणांनी ढकलल्याशिवाय निघत नाही.

मग फिजिओथेरपीची खोली.
शाहीन तांबोळी, माझ्या धाकटीहून लहान,
गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी सारते.
"काका, खाली दाबा. पाच आकडे धरा. हळू सोडा."

मी तिच्याकडे बघतच राहतो.
पोरी, ज्यानं पाय गेला
तेच पुन्हा करू?

"मांडी सुकलीय तुमची.
रिटायर झालात नि खुर्चीत बसलात.
मांडी उचलत नाही तो भार सांध्यावर येतो.
आणि पोट आठ किलोनं कमी करा."
बोलते फटकन, पण हात गरम आहे तिचा.

दाबतो.
मांडीत काहीतरी थरथरतं,
इंजिनावरचं झाकण थरथरायचं तसं.
एक. दोन.
भरतीच्या वर्षी जगदाळे मास्तर शेजारी बसून सांगायचे,
क्लच असा सोड
की उभ्या बाईच्या पिशवीतलं अंडं फुटू नये.
तीन.
चार.
पाच.

"सोडा, काका."

मान आपसूक डावीकडे वळते.
आरसा असायचा तिथं हिरवट भिंत,
भिंतीवर सांगाड्याचं चित्र.
पासलकर जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.
घंटी अजून आलेली नाही.

"काका, सोडा की आता!"

थांब गं,
दाराशी कुणीतरी लोंबकळतंय.