झाकणाच्या आतली नोंद

बुधवारच्या जुन्या बाजारात
कुलपांच्या ढिगाशेजारी, दाताच्या डॉक्टरच्या मोडक्या खुर्चीत
ते बसलं होतं, मान खाली घालून.
आठ घोड्यांचं. पंख्याचं एक पातं दुमडलेलं.
विकणारा म्हणाला, पंप आहे ताई, विहिरीवर लावा.
मी काही बोलले नाही.
साडेसहा हजारांत सौदा झाला
आणि रिक्षावाल्यानं त्याचं वेगळं भाडं घेतलं,
माणसाचं.

नाना पेठेत इनूसभाईंनी दोरीला हात लावला नाही.
आधी प्लग काढले. भोकावर अंगठा दाबून म्हणाले,
आता ओढ.
अंगठा फट्‌दिशी उडाला.
"दम आहे. बाकी सगळं विकत मिळतं."

खालचा स्क्रू सोडला तर गिअरचं तेल
दूध जास्त झालेल्या चहासारखं आलं.
म्हणजे पाणी शिरतंय.
पंखा उतरवला. दांड्याला नायलॉनची दोरी,
गळाची, वेढ्यावर वेढे,
सीलच्या रबरात करवतीसारखी रुतलेली.
आम्हां भोयांपैकीच कुणाची तरी असणार.
मी ती सोडवून खिशात घातली.

पाणी ओढणाऱ्या चक्रीला पाकळ्या सहा,
उरलेल्या चार.
मी नवी चक्री पुढं केली. इनूसभाईंनी घेतली नाही.
"तुटलेल्या दोन कुठं गेल्या ते आधी शोध.
नवी बसवशील, आणि जुनी आत अडकून मारेल."
दुपारभर तारेनं नळ्या टोकरत बसले.
एक सापडली पाचला,
दुसरी दिवे लागल्यावर, तीही अर्धीच.
उरलेली अर्धी
अजून कुठं आहे, देव जाणे.

झाकण पुसताना आतल्या बाजूला अक्षरं दिसली,
पेन्सिलची, डावीकडं कललेली:

प्लग दोन्ही बदलले.
तेल पन्नासला एक. गेनूला सांगणे, अंदाजानं ओतू नको.
काम संपलं की नळी काढणे. आतलं पेट्रोल पिऊन
त्याचं त्याला गप्प होऊ देणे.
आवाज बदललाय. उद्या बघतो.

खाली पत्रा कोरा.

इनूसभाईंनी टर्पेंटाइनचं फडकं पुढं केलं.
राहू दे, म्हटलं.

गल्लीत ड्रम भरला, फळी आडवी टाकली,
सातव्या ओढीला धूर, नवव्याला आवाज.
वरच्या मजल्यावरून कुणी तरी विचारलं,
नदी इकडं कधी आली?
नदीत न्यायचं नव्हतंच.
मुठेची जलपर्णी पंख्याला गिळते, सोडत नाही.
रविवारी टेम्पो केला, धरणाच्या फुगवट्यात
भावाच्या नावेला मागं कसलं.

नाव नाक वर करून बसली, पळेना.
भाऊ म्हणाला, फसवलं तुला.
खिट्टी एक भोक आत घेतली, डिझेलचा डबा पुढं सरकवला,
तशी ती पाण्यावर आडवी झाली,
जेवून उताणं पडलेल्या माणसासारखी निवांत.
भाऊनं मूठ पूर्ण पिळली.
त्याच्या मनगटावर मी चापट मारली.
पाऊण मुठीत जेवढं देतं तेवढंच ते देतं,
पुढं नुसतं पितं.

मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुटली होती.
दर दहा मिनिटांनी तिच्याखाली बोट धरत राहिले.
कोमट. बोटाला सोसेल इतकी.
त्या वेळी सिंहगडाकडं ऊन होतं म्हणे,
भाऊ सांगत होता. मी धार बघत होते.

काठाला येऊन नळी काढली.
पीत पीत, अडखळत, त्याचं ते गप्प झालं.

मग झाकण मांडीवर घेतलं.
तेलकट पत्र्यावर पेन्सिल उमटेना,
पदरानं पुसून तिसऱ्यांदा उमटली.

सील गेलं होतं. आवाज त्याचा. बदललं.

थोडी जागा उरली होती, म्हणून लिहिलं:

गेनू, पन्नासला एक.